लालासाहेबांची भाकणूक

शाळूच्या खळ्यावर लालासाहेब गेले आणि भांडण न करता परतले, असं कधी घडलं नाही. भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून व्हायचं. खळ्यावर कणसांची रास पडलेली असायची. घरातली जाणती बाई राशीभोवती फिरून टपोरी, भरघोस कणसं निवडायची आणि पुढच्या सालच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवायची. वाडवडलांपासून हेच चालत आलेलं. यात चिडण्यासारखं काय आहे, हे साऱ्या सातारा जिल्ह्याला कळत नव्हतं. लालासाहेबांच्या मात्र ते बघूनच मस्तकात तिडीक जायची.

"हे कणीस थोराड हाय, कारण ते उकिरड्याच्या कडंला उगवलंय!" ते ओरडायचे. "त्येच्या रक्तात काय हाय, ते कणसाकडं बघून कळतंय व्हय? त्येची पोरं बघा, पोरं!"

कणसाची पोरं! बायका पदराआड हसायच्या. एखादा म्हातारा शांतपणे विचारायचा, "सायबाचं जेवाण झालंया का?" उपाशी माणसाचंच डोकं असं फिरतं, अशी त्याची समजूत असावी.

लालासाहेब मूळचे कुंडलचे. वडील नाथाजी. विहिरीवरचा ऊस, गुऱ्हाळ, दावणीला चार बैल, असं खाऊन-पिऊन सुखी घर. थोरला हंबीरराव पलटणीत गेला. धाकटा हुशार निघाला म्हणून त्याला पुण्याच्या शेतकी कॉलेजात घातलं. पोरगं शिकून येईल आणि उसाचं काहीतरी भलं करील, एवढीच नाथाजींची अपेक्षा होती. पोरगं शिकून आलं आणि शाळूच्या मागं लागलं. जिथं दुसरं काही उगवत नाही तिथं पेरायची ती रब्बी ज्वारी! त्यासाठी बागायतदाराच्या पोरानं कॉलेजात कशाला जावं? पण १९३८ साली सरकारनं शाळूच्या बियाण्याची एक योजना काढली, लोणंदच्या स्टेशनापासून दोन मैलांवर पंधरा एकर माळ घेतला, पत्र्याची एक खोली उभी केली आणि तिथं लालासाहेबांना नेमलं. लालासाहेब त्या पत्र्याखाली सुखानं भाजत राहिले.

लढाईच्या दिवसांत नाथाजी एकदा बघायला आले. शाळू फुलोऱ्यात होता, आणि मुलगा कणसाकणसाला कागदी पिशवी बांधत होता. शेजारच्या ताटाचे पराग वाऱ्यानं उडून या कणसावर पडू नये, म्हणून. म्हाताऱ्यानं बांधावर बसून ते तासभर पाहिलं आणि न जेवताच परतीची गाडी धरली. गावात जाऊन त्यांनी जाहीर केलं, "माझा एक ल्योक जर्मनाशी लढतोय, आन् दुसरा शाळूला टोप्या घालतोय."

टोप्या घालणं हे लालासाहेबांचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे वह्या. एका कणसाचं सगळं बी एका ओळीत पेरायचं. ओळ चांगली आली तर ते कणीस जातीचं खरं. ओळीत उंच, बुटकी, पांढरी, पिवळी अशी दहा तऱ्हेची ताटं निघाली, तर त्या घरात काहीतरी गडबड. मग चांगल्या ओळीतली कणसं पुढच्या साली पुन्हा वेगळी पेरायची, त्यांची पोरं बघायची, नातवंडं बघायची. मधूनच दोन चांगल्या घरांची सोयरीक जुळवायची: पहाटे सुई-चिमटा घेऊन एका फुलातला नर काढायचा आणि दुसऱ्याच्या परागाचा धुरळा आणून शिंपडायचा. सात वर्षांत त्यांनी एकोणीस घराण्यांची वंशावळ अशी मांडली होती, की एखाद्या तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायालाही आपल्या वह्या फिक्या वाटाव्यात.

त्यांची बायको चंद्राबाई फार बोलणारी नव्हती, पण एकदा तीही म्हणाली, "शाळूच्या एवड्या सोयरिकी जुळवताय. आपली पोरगी बारा वर्साची झाली, ती वहीत हाय का कुटं?"

वैताग काय एक होता? लढाईमुळं कागद मिळेना, तेव्हा शाळेच्या जुन्या पेपरांच्या पिशव्या कराव्या लागल्या. गणितात नापास झालेल्या पोरांची उत्तरं डोक्यावर घेऊन शाळू उभा राहिला. एका थंडीत कुणी वरचे अधिकारी बायकामुलांसह पाहणीला आले, लालासाहेब चहाच्या व्यवस्थेला गेले, आणि परत येऊन बघतात तर चौथ्या पिढीची अख्खी ओळ हुरड्यासाठी आगटीत. अधिकारी कौतुकानं म्हणाले, "गोड आहे हो तुमचा शाळू." बेचाळीसच्या चळवळीनंतर कुंडलकडच्या माणसावर पोलिसांचा डोळा असे. सुट्टीला घरी निघालेल्या लालासाहेबांची पिशवी वाटेत एका फौजदारानं उघडली आणि वहीत "क-७-३-१२, पाण्यावाचून टिकाव धरतो, पुढच्या वर्षी माणात धाडणे" हे वाचून त्यांना दोन तास बसवून ठेवलं. हा क कोण, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

क-७-३-१२ हा लालासाहेबांचा लाडका. जतकडचा एक काटक शाळू आणि पांढऱ्या टपोऱ्या दाण्याचा दुसरा, यांच्या सोयरिकीतून झालेला. त्याच्या आई-बापांच्या, आजी-आजोबांच्या ओळी कोणत्या साली, किती पावसात, कशा आल्या होत्या हे सगळं वहीत होतं. आणि त्यावरून लालासाहेब म्हणू लागले, की मला आई-बाप सांगा, पोर कसं निपजेल ते मी पेरायच्या आधी सांगतो.

पुण्याच्या मोठ्या साहेबांनी हे ऐकलं आणि चष्मा पुसला. "लालासाहेब, हे शेतीखातं आहे. ज्योतिषाचं दुकान नाही."

चव्वेचाळीस साल होतं. "धान्य वाढवा" असा वरून एकच हुकूम. ज्याचं धान्य याच साली पोत्यात पडणार नाही, अशा योजना एकेक करून मिटत होत्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं एक शेवटची संधी दिली. सरकारी माळावर नाही, तर खऱ्या शेतकऱ्याच्या कोरडवाहू रानात वीस जाती पेरायच्या. कोणती पहिली येईल, कोणती विसावी, याचा सगळा क्रम लालासाहेबांनी फुलोऱ्याच्या आधी लखोट्यात बंद करून पुण्याला पाठवायचा. क्रम जुळला, तर योजना पुढं चालू आणि क-७-३-१२ चं बी गावोगाव. नाही जुळला, तर मार्चअखेर योजना बंद, वह्या माळ्यावर.

रान मिळालं माणदेशात, म्हसवडच्या पुढं चार मैलांवर एका धनगरवस्तीला. रानाचा मालक कोंडीबा. पन्नाशी उलटलेला, उंच, शांत माणूस. बाप-आजा जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. कोंडीबाचे भाऊ अजून दसऱ्यानंतर मेंढरांची खांडवं घेऊन खाली मुलखात जात. त्यानं स्वतः मात्र पाच-पन्नास मेंढरं दारात ठेवून रान धरलं होतं. बायको धोंडुबाई. घरात तिचा शब्द कोंडीबाच्या शब्दानंतर यायचा आणि त्याला पुसून टाकायचा.

लालासाहेबांनी रानाचे चार पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात वीस तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक जात. चारही पट्ट्यांत जाती त्याच, पण क्रम वेगळा, म्हणजे एखाद्या जातीला नेमकी चांगली जमीन मिळाली असं व्हायला नको. खुंट्यांवर एकपासून ऐंशीपर्यंत नुसते आकडे. विसावी जात तुलनेसाठी: नियमच होता, की मालकाचं घरचं बीही सोबत पेरायचं. धोंडुबाईनं आढ्याला टांगलेली कणसं काढून दिली. बारकी, विरळ, मान मोडल्यासारखी लवलेली. लालासाहेबांनी ती हातात फिरवली, आणि लखोट्यातल्या यादीत त्या बियाला अठरावा नंबर दिला. अगदीच शेवटचा द्यायला बरं वाटेना.

लोणंदहून म्हसवडला जायचं म्हणजे दिव्य. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढ आला की थांबायची, प्रवाशांनी उतरायचं, ढकलायचं, आणि वर पुन्हा तिकीट दाखवायचं. लालासाहेब दर पंधरा दिवसांनी असे काळेठिक्कर होऊन वस्तीवर पोचायचे. कोंडीबा दरवेळी ताक द्यायचा आणि दरवेळी तेच विचारायचा.

"सायेब, पुण्याला लखोटा धाडलाय म्हनं. कंचं तास, कंची वळ पुढं जाणार हाय ते लिवून."

"धाडलाय."

"आमास्नी सांगा की."

"सांगायचं नसतंय, कोंडीबा."

"पुण्याला सांगायचं, आन् ज्येच्या रानात पेरलंय त्येला न्हाई? ही कंची रीत?"

असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी, दिवाळीच्या सुमाराला, लालासाहेब मोटार दोनदा ढकलून आले होते. कोंडीबानं ताकाचा लोटा पुढं केला आणि तोंड उघडलं. "हे बघा!" लालासाहेब उसळले. वस्तीसमोरच्या पहिल्या पट्ट्यात जाऊन सतरा नंबरच्या खुंटीला त्यांनी वहाण लावली. "हे! हे समद्यांच्या फुडं जाणार. झालं समाधान? आता परत इचारू नका."

खरं सांगायचं तर नुसता वैताग नव्हता त्यात. सात वर्षं कुणी विचारत नव्हतं. आता एक माणूस विचारत होता.

कोंडीबानं खुंटीकडं पाहिलं, हात जोडले, आणि त्यानंतर खरोखरच पुन्हा कधी विचारलं नाही. लालासाहेबांना हायसं वाटलं. तिथंच ते फसले.

जानेवारीच्या शेवटी मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. त्या साली पाऊस हात राखूनच पडला होता, रान तडकलं होतं, आणि शाळू उभा होता तो जेमतेम. पण पहिल्या पट्ट्यात सतरा नंबर! पुरुषभर उंच, कणसं अशी भरलेली की साहेबांनी टोपीच काढली. खिशातून यादीची नक्कल काढून त्यांनी खुंटीचा आकडा जुळवला आणि लालासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "लालासाहेब, मी शब्द मागं घेतो. ज्योतिष तर ज्योतिष!"

सात वर्षांत पाठीवर पडलेली ती पहिली थाप.  साहेब दूध प्यायला वस्तीवर गेले आणि लालासाहेब एकटेच रानात थांबले, जरा डोळे पुसून मग जावं म्हणून. तेव्हा त्यांचं लक्ष दुसऱ्या पट्ट्याकडं गेलं. तिथं हीच जात तेवीस नंबरला होती. बरी होती. तिसऱ्यात, चौथ्यातही बरी होती. बरी म्हणजे नुसती बरी. इथं मात्र दोन हात उंच.

एकाच आई-बापाची पोरं, एकाच रानात, आणि एक एवढं थोराड? लालासाहेब गुडघ्यावर बसले. सतरा नंबरच्या बुडाशी माती काळी होती. बोटानं उकरली तर लेंड्यांचा वाळलेला थर निघाला.

त्यांनी कोंडीबाला हाक मारली ती अशी, की मेंढरं उठून उभी राहिली. कोंडीबा आला. मागून धोंडुबाई आली.

"ह्येला खत कुणी घातलं?"

"मीच की," कोंडीबा म्हणाला. चेहऱ्यावर लपवाछपवी नाही, उलट थोडासा अभिमान. "लेंड्या पाण्यात कालवून. दर आठ दिसाला. ही पाणी आणायची आडावरनं, मी घालायचा."

"ह्या एकाच तुकड्याला?"

"तुमी दावलासा तेवड्यालाच. दुसऱ्याला कशाला?"

लालासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मराठीत जेवढे शब्द होते तेवढे संपले, मग पुण्यात शिकलेले इंग्रजी संपले, आणि मग ते कुंडलच्या बोलीत आले. "आरं, पर का? काय वाईट केलं हुतं मी तुमचं?"

"वाईट?" कोंडीबा दुखावला. "आवं सायेब, तुमी भाकणूक केलीसा. पुण्यापतोर लखोटा धाडलासा. आन् हितं बघतोय तर थंडी पडायला लागली तरी तास काय वर निघंना. तुमचा सबूद खाली पडला असता, तर आमच्या रानात पडला असता न्हवं?"

वस्तीला बिरोबाची जत्रा भरायची. जत्रेत कोंडीबाचा चुलता भाकणूक सांगायचा: पाऊस किती, बाजाराची धारण काय, कोणतं पीक साधेल. लालासाहेबांनी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"चुलता म्हनला, औंदा शाळू पिकंल," कोंडीबा सांगत राहिला, "की आमी शाळूला कोळप्याच्या दोन पाळ्या जास्ती द्यायचो. म्हनला, मेंढरं वाढतील, की कोकरं पोटाशी घिऊन झोपायचो. सबूद काय आपूआप खरा हुतो व्हय? त्येला माणसं लागत्यात."

"आवं, पर मला बघायचं हुतं, ते आपूआप येतंय का!" लालासाहेब किंचाळले. "नुसतं रक्ताच्या जोरावर! कुणी काय न करता!"

आता धोंडुबाई पुढं झाली. "म्हंजी तुमास्नी म्हाईतच न्हवतं?"

"काय?"

"हेच पुढं येणार म्हणून. वहाण आपटून सांगितलासा, आन् म्हाईत न्हवतं?"

लालासाहेब उठले आणि तसेच रान तुडवत निघाले. 

साहेबांना त्यांनी मोटारीपाशी गाठून सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, टोपी घातली, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे पाहा. मला रिटायर व्हायला दोन महिने आहेत. जाताना एखादी योजना जगवून जावी असं मलाही वाटतं. मी रानात जे पाहिलं ते पाहिलं. तुम्ही आत्ता काही बोलला नाहीत. कापणी करा आणि वजनं पाठवा."

फेब्रुवारीत कापणी झाली. ऐंशी तुकड्यांची मळणी वेगळी, वजन वेगळं. लोणंदच्या खोलीत बसून लालासाहेबांनी दोन तक्ते मांडले. पहिल्यात सतरा नंबर धरलेला. त्यात क-७-३-१२ सगळ्यांच्या वर, लखोट्यात लिहिलं होतं तसा. दुसऱ्यात सतरा नंबर वगळून उरलेल्या तीन तुकड्यांची सरासरी. त्यात क-७-३-१२ दुसरा. आणि त्याच्या वर, थोडंसंच पण चोख वर, चारही पट्ट्यांत एकसारखं आलेलं, अठरावा नंबर दिलेलं धोंडुबाईचं घरचं बी.

लालासाहेबांनी वजनं पुन्हा तपासली. पुन्हा तेच. मग त्यांनी उरलेला क्रम पाहिला. एकोणीस जातींपैकी सोळा, लिहिल्या जागी किंवा एखाद्या घरानं इकडं-तिकडं! ज्यांची वंशावळ वहीत होती, त्यांचं भाकीत खरं झालं होतं. ठार चुकलं होतं ते एकाच ठिकाणी. त्या बियाची ना आई त्यांना ठाऊक होती, ना आजी. त्याची पोरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग अठरावा नंबर दिला कशावरून? कणसाकडं बघून. बारकं, विरळ, मान लवलेलं दिसलं म्हणून. सात वर्षं खळ्याखळ्यावर म्हाताऱ्या बायांशी भांडलेल्या माणसानं!

त्यांना एवढा राग आला की कुणावर काढावा ते कळेना. पत्र्याची खोली, समोर चंद्राबाई तांदळातले खडे निवडतेय. तिला त्यांनी दोन्ही तक्ते वाचून दाखवले.

"पहिला धाडला तर?" तिनं विचारलं.

"योजना चालू."

"दुसरा धाडला तर?"

"बंद. आणि मी कुठल्यातरी गोदामात."

चंद्राबाईनं खडे बाहेर टाकले. "पहिला धाडून फुडं काय करनार? खोट्याचीच पोरं, नातवंडं मोजत बसनार न्हवं? मग त्यापरीस गोदाम बरं."

"तुला काय जातंय सांगायला!" लालासाहेब तिच्यावर खेकसले, आणि दुसरा तक्ता पाकिटात घातला. सोबत पत्र लिहिलं. तुकडा नंबर सतराला प्रयोगाबाहेरचं खत-पाणी मिळालं, सबब तो रद्द समजावा. यात शेतमालकाची चूक नाही. मी निकाल आधी बोलून दाखवला, ती चूक माझी. पहिली आलेली जात मालकाच्या घरची असून तिच्याबद्दलचा माझा अंदाज चुकला. एवढंच. सही करताना निब कागदातून आरपार गेलं.

दहा दिवसांत उत्तर आलं. शिस्त मोडलेल्या प्रयोगाचा निकाल ग्राह्य धरता येत नाही. योजना एकतीस मार्चला बंद. वह्या पुण्याला जमा कराव्यात. लालासाहेबांनी वसुलीच्या धान्याच्या गोदामावर हजर व्हावं, तिथं किडलेली पोती वेगळी काढण्याचं काम आहे. त्यांनी वह्या बांधल्या तेव्हा त्यांच्या तोंडातून शिवीसुद्धा निघाली नाही, आणि चंद्राबाई त्यानंच घाबरली.

एप्रिलमध्ये गोदामातून दोन दिवसांची रजा काढून लालासाहेब म्हसवडला गेले. खिशात शाळेच्या पोराची असते तसली एक कोरी वही. कोंडीबानं त्यांना लांबून पाहिलं आणि मेंढरं मोजायचं निमित्त करून मेंढवाड्यात शिरला. धोंडुबाई चुलीपुढं होती. तिनं भाकरी थापता थापता पाट सरकवला.

"खत कशाला घातलं म्हणून आता भांडायला आलासा व्हय?"

"न्हाई. तुमचं बी पैलं आलं ते सांगायला आलोय."

"ते म्हाईत हाय आमास्नी," ती म्हणाली. "दरसाली येतंय."

लालासाहेबांनी दात आवळले. "हे बी आलं कुठनं?"

"घरचंच हाय."

"घरात कुठनं आलं?"

"जतकडनं आणलं माझ्या बानं," वाड्यातून कोंडीबाचा आवाज आला.

"काय तरीच! माझ्या माहेरचं हाय. माझ्या आयनं दिलं मला लग्नात."

"तुज्या आयला जतकडनंच मिळालं असंल."

"तू मेंढरं मोज!"

लालासाहेबांना पुन्हा जुना वैताग चढू लागला. एका कणसाची वंशावळ, आणि दोघांची दोन पुराणं! पण पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही. "आईचं नाव?"

"हरणाबाई."

"तिला कुणी दिलं?"

धोंडुबाईचा हात परातीत थांबला. "तिला कोण देणार? मोठ्या दुष्काळातलं हाय ते. मी आयच्या अंगावर पीत हुते तवा. पाऊस म्हणून पडलाच न्हाई. समदं रान जळालं, आन् कडंला अशी मूठभर ताटं तेवडी दाण्यावर आली. कशी आली देवाला ठावं. आयनं ती खुडून गाडग्यात घातली. दुसऱ्या सालीबी पाऊस न्हाई. घरात काय न्हाई. गाडग्यात तेवडं बी. म्हातारी सासू म्हनली, दळ. बा म्हनला, दळ. आयनं गाडगं जमिनीत पुरलं आन् वर निजली."

लालासाहेब लिहायचे थांबले होते.

"माझा थोरला भाऊ हुता. तीन वर्साचा. त्यो गेला तवा," धोंडुबाई म्हणाली. "पर आयनं बी न्हाई दळलं. मरस्तोवर म्हणायची, दळलं असतं तर दोन भाकरी झाल्या असत्या. दोन भाकरीनं काय वाचला असता व्हय त्यो?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. लालासाहेबांना तो प्रश्न आपल्याला विचारलाय की कुणाला, हे कळलं नाही.  गोदामातली किडलेली पोती, पुण्याच्या माळ्यावर गेलेल्या वह्या, साहेबांची थाप, हे सगळं त्यांना एकदम आठवलं आणि मनातल्या मनात त्यांना स्वतःची लाज वाटली.

"भावाचं नाव काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"अर्जुना. ते कशाला?"

त्यांनी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर हरणाबाईचं नाव लिहिलं, आणि त्याच ओळीत, बियाण्याच्या घराण्यात, अर्जुनाचं. बियाण्याच्या वहीत मेलेल्या पोराचं काय काम, असं पुण्यात कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. भाकरी फुगली. धोंडुबाईनं ती त्यांच्या ताटात घातली आणि ते गपचिप जेवले.